‘हायपर’ म्हणजे वर, ‘हायपो’ म्हणजे खाली

रुग्णालयातून घरी परतताना हाती पडणाऱ्या कागदांवर ‘हायपरटेन्शन’, ‘हायपोथायरॉइडिझम’, ‘हायपोग्लायसेमिया’ असे लांबलचक शब्द असतात. ते वाचताना एकसारखेच भासतात आणि आपण थेट औषधांच्या यादीकडे वळतो. परंतु ‘हायपर’ आणि ‘हायपो’ यांचे अर्थ परस्परांच्या अगदी उलट आहेत. वडीलधाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्याने हा भेद पक्का जाणून घ्यावा; कारण एका अवस्थेत जो उपाय, तोच दुसरीत अपाय ठरतो.

हे दोन्ही उपसर्ग ग्रीक आहेत. ग्रीक आणि संस्कृत या एकाच भाषाकुलातील असल्याने त्यांचे सगेसोयरे आपल्या घरातही आढळतात. ‘हायपर’ म्हणजे वर, प्रमाणाबाहेर. संस्कृतातील ‘उपरि’ हा त्याचा भाऊबंद, आणि ‘उपरि’पासूनच प्राकृतातून आपला ‘वर’ आला. ‘हायपो’ म्हणजे खाली, प्रमाणापेक्षा कमी. त्याचा भाऊबंद संस्कृत ‘उप’. उपाध्यक्ष हा अध्यक्षाच्या एक पायरी खाली असतो, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

आता शब्दाचे शेपूट पाहू. ‘एमिया’ हे रक्तवाचक ग्रीक ‘हायमा’ या शब्दापासून आले आहे. ‘ॲनिमिया’ म्हणजे शब्दशः रक्त नसणे; प्रत्यक्षात रक्तातील हिमोग्लोबिन कमी असणे. ‘ग्लायसेमिया’ या शब्दात ‘गोड’ या अर्थाचा ‘ग्लायकिस’ दडलेला आहे. म्हणून ‘हायपरग्लायसेमिया’ म्हणजे रक्तातील साखर वाढणे आणि ‘हायपोग्लायसेमिया’ म्हणजे ती घटणे.

मधुमेहाच्या रुग्णाला इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील आणि जेवण चुकले, तर साखर फार खाली जाऊ शकते. दरदरून घाम, थरथर, भूक, धडधड ही तिची लक्षणे. वृद्धांमध्ये मात्र कधी केवळ असंबद्ध बोलणे, चिडचिड वा गुंगी एवढेच दिसते आणि घरचे ते ‘वयाचे’ समजतात. साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलीटरपेक्षा कमी आढळली, तर सुमारे १५ ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे तीन-चार चमचे, पाण्यातून द्यावी. १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे; अजूनही कमी असल्यास तेवढीच साखर पुन्हा द्यावी. तपासणीचे यंत्र जवळ नसेल आणि लक्षणे अशी असतील, तर साखर कमी झाली आहे असेच धरून चालावे. अशा वेळी इन्सुलिन देणे जिवावर बेतू शकते. रुग्ण बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही घालू नये. त्याला कुशीवर वळवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

‘हायपरटेन्शन’ या शब्दाची फसगत निराळी आहे. रोजच्या बोलण्यात ‘टेन्शन’ म्हणजे काळजी. त्यामुळे ‘मला कसले टेन्शनच नाही, मग गोळी कशाला?’ असे अनेक ज्येष्ठ म्हणतात. मुळात लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ ताणणे असा आहे; आपल्या ‘ताण’ शब्दामागील संस्कृत ‘तन्’ हा धातू त्याच्याच कुळातला. इथे ताण अभिप्रेत आहे तो मनावरचा नव्हे, तर रक्तवाहिन्यांच्या भिंतींवरचा. आपला ‘उच्च रक्तदाब’ हा शब्द म्हणूनच अधिक नेमका आहे. मन कितीही शांत असले तरी हा दाब चढलेला असू शकतो आणि बहुधा त्याची काही लक्षणेही नसतात. वैद्यांना विचारल्याविना गोळी थांबवू नये.

तिसरा शब्द वृद्धांच्या बाबतीत वारंवार ऐकू येतो: ‘हायपोनॅट्रेमिया’. सोडियमचे लॅटिन नाव ‘नेट्रियम’; त्याचे ‘एनए’ हे चिन्ह शाळेत शिकल्याचे आपल्याला आठवत असेल. अर्थ उघड आहे: रक्तातील सोडियम कमी होणे. लघवी वाढवणाऱ्या काही औषधांनीही ते उतरू शकते. मग गोंधळलेपण, ग्लानी, तोल जाणे अशी लक्षणे दिसतात. ‘सोडियम म्हणजे मीठ’ असे समजून घरच्या घरी मीठ वाढवणे मात्र धोक्याचे, कारण त्याच रुग्णाला उच्च रक्तदाब वा हृदयविकारही असू शकतो. कारण शोधून उपचार ठरवणे हे डॉक्टरांचेच काम.

एक साधी सवय लावून घ्यावी. अहवालातील अशा प्रत्येक शब्दाशेजारी मराठीत ‘वर’ किंवा ‘खाली’ असे लिहून ठेवावे. डॉक्टरांशी दूरध्वनीवर बोलताना केवळ ‘शुगर झाली’, ‘बीपी झाले’ असे न सांगता, ते वाढले की उतरले आणि आकडा किती, हे सांगावे. रात्री-अपरात्री घाबरलेल्या माणसाला लांबलचक शब्द आठवत नाहीत. ‘वर’ आणि ‘खाली’ एवढे मात्र नक्की आठवते.