एका स्लॉटला फुटलेला फाटा

देवगाव फाट्यावर मंठ्याकडून आलेल्या रस्त्याचे दोन होतात. एक सेलूकडे वळतो, दुसरा जिंतूरकडे जातो. रोज एस.टी.ने येणाऱ्या आम्हां विद्यार्थ्यांना त्यात नवल ते काय? पण गेल्या वर्षी घरच्या लहानशा संगणकाने मला या फाट्याची चांगलीच आठवण करून दिली.

जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करण्याचा मला नाद आहे. माझ्या आजीच्या ओव्या ज्या डिस्कवर होत्या ती कुरकुरू लागली. आजी आता नाही. तेव्हा त्या ओव्या पुन्हा मिळणे नाही. अनेक डिस्क जोडणारे एक कार्ड व ध्वनिमुद्रणाचे एक कार्ड अशी दोन कार्डे बसवावयाची, आणि बोर्डावर स्लॉट एकच! हा बोर्ड मिनी-आयटीएक्स मापाचा. व्हाया कंपनीने 2001 साली पुढे आणलेले हे माप 170 मि.मी. लांब व तितकेच रुंद आहे. एवढ्या जागेत दुसरा स्लॉट मावणार कोठे?

परंतु हा एक स्लॉट म्हणजे एक वाट नव्हे. पीसीआय एक्स्प्रेसच्या मोठ्या स्लॉटात 16 पदर असतात. प्रत्येक पदरात माहिती पाठविण्यासाठी तारांची एक जोडी व घेण्यासाठी दुसरी. तिसऱ्या पिढीच्या एका पदरातून एका दिशेने सेकंदाला जवळजवळ एक गिगाबाइट माहिती जाते. ध्वनीच्या कार्डाला एक पदर पुष्कळ झाला. डिस्कच्या कार्डाला चार-आठ पुरतात. मग 16 पदरांचे 8 आणि 8 असे दोन भाग का करू नयेत?

करता येतात, पण ते ठरवितो प्रोसेसर, आणि बोर्डाच्या बायोसमध्ये तशी सोय हवी. काही प्रोसेसर 8-8 इतकेच मानतात, काही 4-4-4-4 देखील. बाजारातील साधे विभाजक कार्ड बिचारे फक्त तारा वाटून देते, आणि 100 मेगाहर्ट्झचा ताल दोन्ही कार्डांपर्यंत पोहोचविते. दुकानदार म्हणाला होता, "कोणत्याही बोर्डावर चालेल." घरी लावले तर एकच कार्ड दिसले. दोन दिवस मी कार्डांनाच दोष देत होतो!

बायोसमध्ये सोय नसेल तर स्विच-चिप असलेले कार्ड घ्यावे लागते. ही चिप फाट्यावरच्या वाहतूक पोलिसासारखी. सर्व गाड्या एकाच रस्त्याने येतात, ती पत्ता पाहून त्यांना वळविते. मात्र किंमत जास्त, चिप तापते, आणि दोन्हीकडे एकदम गर्दी झाली की तीच वाट वाटून घ्यावी लागते. याखेरीज एम.2 खाचेतूनही चार पदर काढता येतात.

विजेचे भान ठेवावे. स्लॉटातून फार तर 75 वॅट मिळतात. दोन हलकी कार्डे निभावतात, जड असतील तर वेगळी वीज द्यावी. ती साटा प्लगातून घेणे धोक्याचे. त्याच्या 12 व्होल्टच्या पिनांना 54 वॅटच झेपतात. रिबन लांब असेल तर संदेश बिघडतात. अशा वेळी बायोसमध्ये पिढी एक पायरी खाली आणावी.

माझ्या बोर्डाच्या नव्या बायोसमध्ये 8-8 चा पर्याय निघाला. पेटीचे झाकण मात्र बसेना, ते तसेच उघडे ठेवले. रात्रभर नक्कल चालली. पहाटे आजीचा आवाज नव्या डिस्कवरून ऐकला आणि सेलूची पहिली गाडी चुकली.