नाममुद्रा आणि स्मरण : वामनदादा कर्डक यांच्या गीतांच्या निमित्ताने

लोकप्रिय गायक निवर्तल्यानंतर त्याचे स्मरण कशाच्या आधारे टिकते, या प्रश्नाचे उत्तर देताना सामान्यतः ग्रंथ, ध्वनिमुद्रिका आणि स्मारके यांचा निर्देश केला जातो. परंतु ज्या गायकाची रचना मुख्यतः मुखोद्गत राहिली, त्याच्या बाबतीत हे कार्य फार मोठ्या प्रमाणात भाषाच करीत असते. लोककवी वामनदादा कर्डक यांची गीते या दृष्टीने अभ्यसनीय आहेत.

वामन तबाजी कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे झाला आणि १५ मे २००४ रोजी ते कालवश झाले. त्यांना अक्षरओळख झाली ती प्रौढ वयात, मुंबईत. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा विचार गीतांतून पोहोचवीत ते आयुष्यभर गावोगाव हिंडले. ‘वाटचाल’ (१९७३), ‘मोहळ’ (१९७६) आणि ‘हे गीत वामनाचे’ (१९७७) हे संग्रह प्रसिद्ध झाले. तथापि त्यांची गीते पसरली ती प्रामुख्याने इतर गायकांच्या आणि श्रोत्यांच्या कंठातून. सिडकोने विकसित केलेल्या कामोठ्यासारख्या वसाहतीत मूळच्या आगरी वस्तीशेजारी महाराष्ट्राच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतून आलेली कुटुंबे राहतात. अशा ठिकाणी घरोघरच्या बोली भिन्न असतात. पण आंबेडकर जयंतीला म्हटली जाणारी गीते सामायिक असतात. ती म्हणणाऱ्यांपैकी तरुणांनी वामनदादांना पाहिलेले असणे शक्य नाही. तरीही कर्त्याचे नाव त्यांना ठाऊक असते. कारण ते गीतातच गुंफलेले असते.

कवीने रचनेच्या अखेरीस आपले नाव गोवावे, ही मराठीतील जुनी रीत आहे. संतांच्या अभंगांत ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘चोखा म्हणे’ अशा मुद्रा आढळतात. शाहिरांच्या कवनांतही कर्त्याचे नाव येते, आणि गझलेच्या मक्त्यातील तखल्लुसाचे कार्यही तेच. वामनदादांच्या अनेक गीतांच्या शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव असेच अवतरते. छंदाच्या दृष्टीने ते सोयीचे आहे : ‘वा’च्या दोन आणि ‘म’, ‘न’ यांची प्रत्येकी एक अशा त्याच्या चार मात्रा होतात, म्हणजे आठ मात्रांच्या ठेक्याचा नेमका अर्धा भाग.

‘म्हणे’ या रूपाचा इतिहासही येथे लक्षात घेण्याजोगा आहे. संतांच्या मराठीत ते वर्तमानकाळाचे रूप होते. आजच्या मराठीत तेच रूप रीतिभूतकाळ दर्शविते. शिवाय ‘तो गावी गेला म्हणे’ यासारख्या वाक्यात ते ऐकीव माहितीचे निदर्शक बनले आहे. मात्र रूप बदलले तरी कार्य लोपलेले नाही. ते ‘म्हणतात’ या रूपाकडे आले. वामनदादांचे चाहते त्यांच्या आयुष्याविषयी बोलताना ‘ते गावोगाव गात असत’ असा भूतकाळ योजतात. पण गीताचा दाखला देताना ‘दादा म्हणतात’ असेच म्हणतात. व्यक्ती भूतकाळात जाते, उक्ती वर्तमानात राहते.

संबोधनाचेही तसेच आहे. ‘बाबासाहेब’ या नावात पित्याचे नाते सूचित होते, तर ‘वामनदादा’ या नावात थोरल्या भावाचे. सत्तर वर्षांचा श्रोता आणि सात वर्षांचे मूल दोघेही ‘दादा’च म्हणतात, नात्याचा शब्द येथे विशेषनामाचाच घटक झाला आहे. मृत्यूच्या निर्देशातही निवड दिसते. ‘कैलासवासी’ आणि ‘स्वर्गवासी’ या शब्दांत विशिष्ट परलोककल्पना गृहीत असल्याने बौद्ध समाजात ‘कालकथित’ हा शब्द रूढ झाला. पालीतील ‘कालकत’ या मृतवाचक शब्दाशी त्याचे नाते दिसते; ‘कथित’ हे रूप मात्र ओळखीच्या संस्कृत शब्दाच्या प्रभावाने आले असावे. अशा रीतीने शोकाच्या एका शब्दातही समाजाचा निर्णय व्यक्त होतो.

ही प्रवृत्ती केवळ मराठीची नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या फंक संगीतात, ज्यात पहिल्या मात्रेवरील आघाताला विशेष महत्त्व असते, जेम्स ब्राऊन (१९३३–२००६) गाता गाता सॅक्सोफोनवादक मेसिओ पार्कर याला नावाने हाक मारीत असे. ती हाक ध्वनिमुद्रणात कायम राहिली आणि वादकाचे नाव श्रोत्यांच्या कानी बसले. दोन्ही परंपरांत श्रेयनिर्देश वेष्टनावर न राहता ठेक्यात शिरतो. भेद इतकाच की, तेथे हाक यंत्राने जपली; वामनदादांची मुद्रा प्रत्येक गाणाऱ्याला स्वतः उच्चारावी लागते.

याच ठिकाणी या परंपरेचे मर्म आणि तिचा धोका दोन्ही आहेत. मुद्रा बहुधा अखेरच्या कडव्यात असते. आणि वेळ अपुरा पडला, की प्रथम गळते ते अखेरचेच कडवे. ध्रुपद आणि एक-दोन कडवी एवढाच भाग फिरू लागला, की गीत राहते आणि कर्ता नाहीसा होतो. काही काळाने तेच गीत ‘पारंपरिक’ या सदरात जमा होते. दुसरे असे की, छंद नावाचे रक्षण करीत नाही. चार मात्रांचे कोणतेही नाव ‘वामन’च्या जागी बसू शकते आणि ठेका मुळीच ढळत नाही. तो बदल ओळखू शकतो केवळ श्रोता, ज्याला मूळ कडवे पाठ आहे.

म्हणून चाहत्यांचे स्मरण हा केवळ भावनेचा विषय मानता येत नाही. मौखिक परंपरेत ते कर्तृत्वाच्या पुराव्याचे स्थान घेते. अशा गीतांचे संकलन करणाऱ्याने संपूर्ण पाठ नोंदवावा, पाठभेद टिपावेत, आणि शेवटचे कडवे कोण गातो व कोण गाळतो हेही पाहावे. लोकसाहित्याच्या संग्रहांत ‘कर्ता अज्ञात’ असा शेरा सहज दिला जातो. पुष्कळदा कर्ता अज्ञात नसतो, त्याचे नाव असलेले कडवे तेवढे ऐकून घेतलेले नसते.