एकच तामण, दोन माती

सकाळी ६, सातारा. मृग सरला, आर्द्रा लागलं. आता लागवडीची घाई. टेम्पोत तामणाची दोन रोपं, शेणखताची पोती, पहार, घमेली. पिशव्या रात्रीच भिजवल्यात. कोरडा गड्डा पिशवी फाडताना फुटतो.

७.३०. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचा बंगला. वीतभर मातीखाली मुरूम, पहार खणखणते. भिंतीपासून दहा फूट सोडून दोन फुटांचा चौरस खड्डा. तामण मूळचं ओढ्याकाठचं, पाण्याचं लोभी. इथं उतारावर पाणी ठरत नाही. म्हणून खालच्या अंगाला अर्धगोल बांध घातला. मालकांना बजावलं, "पहिले दोन उन्हाळे पाणी तोडू नका."

१०.३०. कराडला चहा, मग पेठ नाक्यावरून सांगलीकडे.

दुपारी १.३०, सांगली. काकूंनी मोबाइल पुढे केला. मुलाच्या अमेरिकेतल्या अंगणात लालभडक जपानी मेपल. "मला अस्सं झाड हवंय."

"काकू, त्याला दरवर्षी कडक थंडीत झोप लागते. ती आपल्याकडं कुठली? आणि मे महिन्यात पानांच्या कडा करपतील."

तामणाचं सांगितलं. राज्यफूल आपलं, उन्हाळ्यात जांभळे तुरे, थंडीत गळण्याआधी पानं तांबूस.

"तांबूस म्हणजे लाल नव्हे," काकू म्हणाल्या.

"नव्हेच. पण तुमच्या मेपलला असले तुरे येत नाहीत."

काकूंनी जागा दाखवली.

३.००. इथं पहार नको, पण काळी माती फावड्याला सोडत नाही. ओल्या मातीत खड्ड्याच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात, मुळं आतल्या आत फिरतात; म्हणून कुदळीनं खरवडल्या. रोप जमिनीपेक्षा थोडं उंच बसवलं, खोडाशी पाणी तुंबू नये. उन्हाळ्यात या मातीला भेगा पडून कोवळी मुळं तुटतात. त्यावर उपाय उसाचं पाचट, सांगलीत त्याला काय तोटा! आळ्यात जाड थर दिला, खोडापासून चार बोटं लांब.

५.००. "छाटणी थंडी सरताना," निघताना सांगितलं. "फुलं नव्या शेंड्यांवर येतात. पावसाळ्याच्या तोंडावर कात्री लावलीत तर तुरेच जातील."

"पहिला तुरा कधी?"

"तीन-चार पावसाळे जाऊ द्या."

रात्री ८.३०, सातारा. वहीत दोन्ही पत्त्यांपुढे झाड एकच. साताऱ्याला 'बांध', सांगलीला 'उंचवटा, पाचट'. दसऱ्याच्या आसपास दोन्हीकडं फेरी मारायची. तोवर खोड जाडावेल, काठीची सुतळी सैल करावी लागेल.