पाणी उतरल्यावर आधी विळा, मग नांगर



पावसाळा आला की नदीकाठच्या सभासदाचे कान राजाराम बंधाऱ्याच्या आकड्याकडे लागतात. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे आता पोरासोरांनाही पाठ झाले आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. २०२१ च्या जुलैत तिने ५६ फूटही ओलांडले. दोन वर्षांत दोन महापूर आपण पाहिले. पूर अडवणे तुमच्या-माझ्या हातात नाही. पण पाणी उतरल्यावर पहिल्या पंधरवड्यात काय करायचे, ते मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे. त्याविषयीच आज चार शब्द लिहितो.

आपल्या भागात पुराचे पाणी दोन तऱ्हेने येते. कोयना कऱ्हाडला आणि वारणा सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळते. हे सगळे पाणी घेऊन कृष्णा नृसिंहवाडीला येते, तिथे पंचगंगा तिला भेटते. कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबते. यालाच आपण फुग म्हणतो. धारेचे पाणी ऊस लोळवते, पण लवकर निघून जाते. फुगीचे पाणी गुपचूप येते आणि मुक्कामच ठोकते. उसाला जास्त घातक हेच.

उसाचा जीव शेंड्यात असतो. बुडख्यात पाणी राहिले तरी ऊस बरेच दिवस तग धरतो, कांड्यांवर मुळ्या फोडतो. पण पाणी शेंड्यावरून गेले, पोंग्यात गाळ बसला आणि आठवडाभर तसेच राहिले, की कोंब कुजायला लागतो. शेंडा मेला की वाढ खुंटते, बाजूचे डोळे फुटून पांगशा निघतात. त्या उसातलीच साखर खाऊन वाढतात. वजनही जाते, उताराही जातो.

आता माझी एक चूक सांगतो. २०१९ ला पूर ओसरल्यावर मळीच्या रानातल्या एका सभासदाने मला बांधावर नेले. खोडवा पार गाळाने माखलेला, एक पान हिरवे दिसेना. ते म्हणाले, “सायेब, काय करू सांगा.” मी बांधावरूनच पाहिले आणि म्हणालो, “गेला ऊस, मोडून टाका.” त्यांनी दुसऱ्याच दिवशी रोटाव्हेटर घातला. शेजारच्याचा खोडवाही तसाच, पाणीही तेच. पण तो जनावरं घेऊन पाहुण्यांकडे गेला होता, म्हणून रान तसंच राहिलं. पंधरा दिवसांनी त्याच्या वरच्या अंगाच्या निम्म्या सऱ्यांत पोंग्यातून नवी पानं बाहेर आली. भरीव टनेज पडले नाही, पण ऊस कारखान्याला गेला आणि सोसायटीचा हप्ता तरी भागला. पहिल्या सभासदाने मला कधी बोल लावला नाही. त्याचेच जास्त वाईट वाटते.

तेव्हापासून मी बांधावरून सल्ला देत नाही. तुम्हीही बांधावरून निर्णय घेऊ नका. पाणी उतरले की पहिल्यांदा चर काढून साचलेले पाणी बाहेर काढा. पाय ठरेल इतके रान सुकले की विळा घेऊन आत जा. वरचे अंग, मधले आणि खोलगट, अशा तीन ठिकाणचे दहा-दहा ऊस घ्या आणि शेंडे उभे चिरून बघा. आतला कोंब पांढरा, टणक असेल तर ऊस जिवंत आहे. तपकिरी, लिबलिबीत होऊन घाण वास मारत असेल तर मेला. एकाच प्लॉटमध्ये दोन्ही तऱ्हा सापडतात, म्हणून अख्ख्या रानाला एक न्याय लावू नका.

जिवंत ऊस वाफसा आल्यावर खत देऊन सावरा. ओल्या रानात ट्रॅक्टर घालू नका, जमीन घट्ट होते. उंच वाढलेल्या उसाचा शेंडा मेला असेल तर तो मोडू नका. गट ऑफिसात ताबडतोब नोंद द्या, म्हणजे तोडणी कार्यक्रमात त्याचा आधी विचार करता येईल. नवी आडसाली लागण असेल तर कांड्या उकरून डोळे तपासा. कुजले असतील तर वाट बघण्यात अर्थ नाही. पूरबाधित उसाचे बेणे मात्र कुणी फुकट दिले तरी घेऊ नका. आणि काहीही मोडण्याआधी पंचनामा झालाच पाहिजे.

पुराने घरदार भिजलेले असताना रानात जायचे मन होत नाही, हे मला कळते. तरी एक दिवस काढा. एकट्याने जमत नसेल तर स्लिपबॉयकडे निरोप ठेवा, मी स्वतः येईन. विळा माझ्याकडे असतोच.

— ऊस विकास अधिकारी