सामायिक संग्रहपेटी व तिच्या किल्ल्या

अनेकांच्या वस्तु एके ठिकाणीं ठेवणें सोपें आहे. परंतु त्या कोणीं पाहाव्या, कोणीं बदलाव्या व कोणीं त्यांस हात लावूं नये, हें ठरविणें कठीण आहे. एकत्र कुटुंबाच्या घरांत हा प्रश्न जुनाच होय. आज तो शाळेच्या कार्यालयांत, वकिलाच्या कचेरींत, दुकानांत व घराघरांत नव्या रूपानें उभा राहिला आहे. आणि आमच्या कन्नडसारख्या तालुक्याच्या गांवींहि तो आतां दूरचा राहिला नाहीं. म्हणून संगणकांच्या सामायिक संग्रहाविषयीं चार गोष्टी विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगाव्या असें आम्हांस वाटतें.

या संग्रहाच्या यंत्रास 'नॅस' म्हणतात. ही एक लहानशी पेटी असते. तींत बहुधा दोन किंवा अधिक हार्ड डिस्क बसविलेल्या असून ती तारेनें राउटरला जोडलेली असते. त्याच राउटरशीं जोडलेल्या संगणकांवरून तिच्यांतील फाइली उघडतां येतात. संगणक व पेटी यांच्या संभाषणाची एक ठराविक भाषा आहे, तिला एस.एम.बी. म्हणतात. गेल्या शतकाच्या नवव्या दशकाच्या आरंभीं आय.बी.एम. कंपनींतील बॅरी फायगेनबॉम यांनीं ती रचिली. पुढें इ. स. १९९१-९२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियांतील अँड्र्यू ट्रिजेल यांनीं तीच भाषा बोलणारें एक सॉफ्टवेअर लिहून सर्वांस विनामूल्य दिलें. त्यास नांव हवें होतें, तेव्हां एस, एम, बी हीं अक्षरें क्रमानें येणारे शब्द त्यांनीं संगणकाकडून शोधविले, आणि 'सांबा' हें नांव सांपडलें. आज पुष्कळ संग्रहपेट्यांच्या पोटांत हाच सांबा काम करीत असतो.

आतां किल्ल्यांकडे वळूं. जुन्या वाड्याची रचना डोळ्यांपुढें आणावी. ओसरीवर कोणीहि बसावें, माजघरांत घरच्यांनीं वावरावें, आणि दागिन्यांच्या खोलीची किल्ली एखाद्या वडील माणसापाशीं असावी, अशी तेथें रीत असे. पेटींतील फोल्डर म्हणजे या खोल्याच होत. प्रत्येक फोल्डरची परवानगी मुख्यतः तीन प्रकारची असते: वाचणें व लिहिणें, नुसतें वाचणें, आणि मनाई. ज्याला वाचण्याची मुभा आहे तो फाइल पाहील व तिची नक्कल नेईल. पण ज्याला लिहिण्याची मुभा आहे तो ती बदलील आणि पुसूनहि टाकील. हा शेवटचा अर्थ पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं.

एखाद्या शाळेचें उदाहरण घेऊं. विद्यार्थी, शिक्षक व कार्यालय असे तीन ग्रुप करावे आणि प्रत्येकाचें नांव त्याच्या ग्रुपांत घालावें. 'पाठ' या फोल्डरांत शिक्षकांनीं लिहावें व विद्यार्थ्यांनीं नुसतें वाचावें. 'निकाल' हा फोल्डर कार्यालयास पूर्ण खुला, शिक्षकांस वाचण्यापुरता व विद्यार्थ्यांस बंद असावा. परवानगी एकेका माणसास न देतां ग्रुपला दिली, म्हणजे शिक्षकांची बदली झाली किंवा मुलगा शाळा सोडून गेला असतां एक नांव काढलें कीं काम झालें. प्रत्येक फोल्डर धुंडाळावा लागत नाहीं.

येथें दोन ठिकाणीं माणूस अडखळतो. पहिलें हें कीं, परवानगी व मनाई यांची गांठ पडली तर बहुतेक यंत्रांत मनाईच जिंकते. एखाद्या शिक्षकाचें नांव चुकून विद्यार्थ्यांच्या ग्रुपांतहि राहिलें, तर निकालाचा फोल्डर त्यांस उघडणार नाहीं; मग पासवर्ड कितीहि वेळां बदलला तरी व्यर्थ. दुसरें असें कीं, फोल्डर लपविण्याची सोय असते. परंतु लपविणें म्हणजे कुलूप लावणें नव्हे. ज्यास नांव ठाऊक आहे व ज्यास मनाई केलेली नाहीं, तो तें नांव टाइप करून आंत जातो.

नवी पेटी आणल्यावर प्रथम ॲडमिनचा पासवर्ड बदलावा व रोजच्या कामास ॲडमिनचें नांव वापरूं नये. नंतर 'गेस्ट', म्हणजे नांव न सांगतां येणारा पाहुणा, बंद करावा. एस.एम.बी.ची पहिली आवृत्ति चालू असल्यास ती बंद करावी. इंटरनेटवरून थेट पेटीकडे येणारी वाट राउटरमध्यें उघडूं नये. शेवटीं स्वतः विद्यार्थ्याच्या नांवानें प्रवेश करून निकालाचा फोल्डर उघडतो का, हें पाहावें. कुलूप लावल्यावर तें ओढून पाहण्याची जी आपली संवय, तीच येथें.

इतकी खबरदारी कशाला, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर आपल्याच राज्यांत घडून गेलें आहे. ता. २७ जून २०१७ रोजीं 'नॉटपेट्या' नांवाचें घातक सॉफ्टवेअर युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून सुटून जगभर पसरलें, आणि उरणजवळ न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरांत मर्स्क समूहाकडे असलेल्या टर्मिनलचें काम ठप्प झालें. तें एका संगणकांत शिरलें म्हणजे एस.एम.बी.च्या पहिल्या आवृत्तींतील छिद्रांतून शेजारच्या संगणकांत जाई. शिवाय सांपडलेल्या ॲडमिनच्या पासवर्डानें पुढचीं दारेंहि उघडीत असे. तें छिद्र बुजविण्याचा उपाय मायक्रोसॉफ्टनें मार्च २०१७ मध्येंच दिला होता. मर्स्कला ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्यानें उभारावे लागले, असें तिच्या अध्यक्षांनीं पुढें सांगितलें.

या कथेचा एक भाग आम्हां भारनियमनाच्या गांवींच्या लोकांस विशेष वाटेल. साऱ्या कंपनीच्या यूजरांची व परवानग्यांची नोंद ज्या सर्व्हरांवर होती, ते सारे नष्ट झाले. एक मात्र आफ्रिकेंतील घाना देशांत वांचला. हल्ल्याच्या वेळीं तेथील वीज गेल्यामुळें तो नेटवर्कपासून तुटलेला होता! त्या एका प्रतीवरून पुढील सर्व घडी बसविण्यांत आली.

यांतील बोध स्पष्ट आहे. पेटींतील दोन डिस्कवर एकच मजकूर ठेवण्याची सोय असते. तींतील एक डिस्क बिघडली तर दुसरी उपयोगीं पडते. परंतु कोणीं फाइल पुसली तर ती दोहोंवरूनहि त्याच क्षणीं पुसली जाते. म्हणून मूळ धरून तीन प्रती असाव्या, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या व त्यांपैकीं एक दुसऱ्या ठिकाणीं असावी, असा नियम जाणते लोक सांगतात. दर आठवड्यास एका वेगळ्या डिस्कवर नक्कल करावी व ती डिस्क तार काढून कपाटांत ठेवावी. घाना येथें जें दैवयोगानें घडलें, तें आपण हेतुपुरस्सर करावें.

पालकांनीं एखाद्या सुटीच्या दिवशीं मुलांस जवळ बसवून घरांतील छायाचित्रें व कागदपत्रें यांची अशीच व्यवस्था लावावी. आजीआजोबांस नातवंडांचीं छायाचित्रें पाहूं द्यावीं. धाकट्यांस स्वतःचा फोल्डर लिहिण्यास द्यावा. जमिनीचे व बँकेचे कागद निराळ्या फोल्डरांत ठेवावे. किल्ली देण्यांत कृपणता नको; पण कोणती किल्ली कोणास दिली तें एका वहींत लिहून ठेवावें, व ती वही वर्षांतून एकदां तरी उघडून पाहावी.