नाव काय, गाव कोणतं, देश कुठला?

‘तुमचं गाव कोणतं हो?’ असं कुणी विचारलं, की पुरुष चटकन सांगून मोकळा होतो. बाई मात्र आधी विचारते, ‘माहेरचं की सासरचं?’ आपल्याला त्यात काही वेगळं वाटतसुद्धा नाही. एका गावात जन्मायचं, दुसऱ्या गावात रुजायचं आणि दोन्हींना ‘माझंच’ म्हणायचं, हे बाईला शिकवावं लागत नाही. म्हणूनच ‘देश म्हणजे नेमकं काय’ हा जाडजूड पुस्तकांतला प्रश्न आपण बायकांनी एकदा आपल्या बाजूनं बघायला हरकत नाही.

लांब कशाला, आपल्या नेरचंच घेऊ. समजा, १९३० साली नेरात एक मुलगी जन्माला आली. लग्नही गावातल्या गावातच झालं. तिनं नेर कधी सोडलं नाही. तरी तिच्या डोक्यावरचं सरकार किती वेळा बदललं बघा. ती जन्मली तेव्हा वऱ्हाड कागदोपत्री हैदराबादच्या निजामाचं होतं. १८५३ साली त्यानं ते इंग्रजांच्या हवाली केलं होतं आणि १९०२ साली कायमच्या पट्ट्यानं देऊन टाकलं होतं. म्हणजे मालक एक आणि वहिवाट दुसऱ्याची! आपल्याकडं शेतीच्या भानगडी असतात ना, अगदी तशी. कारभार मध्य प्रांताला जोडलेला, पण ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा मानाचा किताब पुढं मिळाला तो निजामाच्या मुलाला. मुलगी सतरा वर्षांची झाली आणि स्वातंत्र्य आलं. विशीत ती मध्य प्रदेशची रहिवासी झाली, राजधानी नागपूर. १९५६ साली मुंबई राज्याची झाली आणि १ मे १९६० ला महाराष्ट्राची. चूल तीच, विहीर तीच, फक्त वरची पाटी बदलत गेली.

आता तिची थोरली बहीण समजा पैनगंगेपलीकडं किनवटला दिलेली. आज किनवट नांदेड जिल्ह्यात आहे, तेव्हा ते निजामाच्या राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होतं. १५ ऑगस्ट १९४७ ला धाकटी स्वतंत्र भारतात आणि थोरली निजामाच्या राज्यात! मधल्या तेरा महिन्यांत तिकडच्या लोकांनी रझाकारांची दहशत सोसली. पोलीस अ‍ॅक्शन झाली आणि १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला, तेव्हा कुठं दोघी बहिणींचा देश एक झाला. दोघींची भाषा एक, देव एक, पुरणपोळीची रीतही एकच. मग देश कशानं होतो म्हणायचं? भाषेनं? धर्मानं? तसं असतं तर या बहिणी एक दिवसही वेगळ्या राहिल्या नसत्या. उलट नेरच्या बाजारात वऱ्हाडी, उर्दू, गोरमाटी कानावर येते, जिल्ह्यात पुढं गेलं की गोंडी आणि कोलामी. तरी हे सगळे एकाच देशाचे.

१८८२ साली पॅरिसमध्ये अर्नेस्ट रेनाँ नावाच्या विद्वानानं यावरच व्याख्यान दिलं होतं. वंश, भाषा, धर्म यांतलं काहीच एकटं पुरत नाही, असं त्याचं म्हणणं. एकत्र भोगलेलं आणि एकत्र केलेलं लोकांच्या आठवणीत असतं, काही दुखणी त्यांनी मागं टाकलेली असतात आणि पुढंही सोबत राहायची त्यांची इच्छा असते, त्यातून राष्ट्र बनतं. आपल्याला हे समजायला पॅरिस कशाला हवं? सख्खे भाऊ चुली वेगळ्या करतात आणि रक्ताचं नातं नसलेली सून ते घर धरून ठेवते, हे आपण घरोघरी बघतोच की!

‘एकत्र केलेलं’ म्हणजे काय, तेही आपल्या जिल्ह्यातच सापडतं. १९३० साली गांधीजींनी दांडीला मीठ उचललं. देशभर कायदेभंग सुरू झाला. पण वऱ्हाडात समुद्र कुठाय? मीठ आणायचं कुठून? वणीत जन्मलेल्या लोकनायक बापूजी अणे यांनी १० जुलै १९३० ला पुसदला राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडला. हाच तो जंगल सत्याग्रह. मला यातली निवड फार मोलाची वाटते. गवत आणि सरपण हा बायकांचा रोजचा विषय. पहाटे उठून भारा आणायचा आणि जंगलातल्या शिपायानं अडवलं की विळा मुकाट्यानं कमरेला खोचायचा, हे ज्यांना ठाऊक होतं त्यांना ‘स्वराज्य’ हा शब्द वेगळा समजावून सांगायची गरजच उरली नसेल. दिल्ली-मुंबईच्या भाषणांतला देश इथं गवताच्या भाऱ्यातून आला.

आणि गंमत बघा, हेच बापूजी पुढं वेगळ्या विदर्भाचे पुरस्कर्ते. १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगानंही वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. म्हणून कुणी त्यांच्या देशप्रेमावर शंका घेईल का? वेगळा संसार मागणारी सून काही घरची वैरीण नसते. वऱ्हाडी असणं, मराठी असणं आणि भारतीय असणं एकाच पदराला गाठ मारून नेता येतं.

पण देश आपला म्हणायचा, तर देशाच्या वहीत आपलं नाव हवं. आपली नेरची मुलगी एकविशीत आली ती नेमकी पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी, १९५१-५२ साली. तेव्हा मतदानाचं वय एकवीसच होतं. मतदारयाद्या करणारे दारोदारी गेले, तेव्हा लाखो बायकांनी स्वतःचं नावच सांगितलं नाही. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ असंच लिहून घ्या म्हणाल्या. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ते मानलं नाही. बाईनं नाव सांगितलंच पाहिजे, नाहीतर यादीतून वगळा, असा आदेश निघाला. सुमारे २८ लाख बायका वगळल्या गेल्या. बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत, विंध्य प्रदेश या भागांतल्या. कठोर वाटतं खरं, पण मला सेन यांचं पटतं. देशानं पहिल्यांदाच बाईला विचारलं होतं, ‘तू कोण?’ आणि ‘कुणाची तरी’ हे त्याचं उत्तर असू शकत नव्हतं.

उत्तर देणं आजही सोपं नाही. आसामात नागरिकांची नोंदवही झाली तेव्हा अनेकांना १९७१ च्या आधीपासूनच्या आईवडिलांशी किंवा आजोबांशी आपलं नातं कागदानं सिद्ध करायचं होतं. लहानपणी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकांकडं ‘मी अमक्याची मुलगी’ याचा कागदच नव्हता. ग्रामपंचायतीचा दाखला चालेल की नाही, यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. पडताळणी करून चालेल, असं २०१७ साली ठरलं. ३१ ऑगस्ट २०१९ च्या अंतिम यादीतून तरी १९ लाखांवर माणसं बाहेर राहिली.

कायदाही बाईपर्यंत हळूहळूच पोचला. परदेशात जन्मलेल्या बाळाला वंशानं भारतीय नागरिकत्व मिळायचं ते फक्त वडील भारतीय असले तर. आई भारतीय असणं १९९२ पर्यंत पुरेसं नव्हतं! आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं, मग वडिलांचं नाव लिहायचं ठरलं, ही चांगली सुरुवात आहे. पण त्या बाळाच्या आईचं काय? शाळेच्या दाखल्यावर तिचं माहेरचं नाव, आधारकार्डावर सासरचं, आणि लग्नात ताटातल्या तांदळात लिहिलेलं एखादं तिसरंच! बँकेत गेलं की पहिला प्रश्न, ‘यातल्या तुम्ही कोणत्या?’

तेव्हा मैत्रिणींनो, लग्नाची नोंदणी राहिली असेल तर करून घ्या. त्या दाखल्यावरून माहेरचं आणि सासरचं नाव एकाच बाईचं असल्याचं दाखवता येतं. पहिलं नावच बदललं असेल तर राजपत्रात जाहीर करून घ्यावं लागतं. आणि शाळा सोडल्याचा दाखला माहेरच्या ट्रंकेत पडला असेल, तर या दिवाळीला गेलात की आठवणीनं घेऊन या.