शब्द एक, शिंगे दोन

बैलाच्या डोक्यावर असते तेही शिंग आणि सांबराच्या डोक्यावर असते तेही शिंगच. मराठीने दोन्हींना एकच शब्द दिला. काही वर्षे या विषयाचे वाचन आणि निरीक्षण केल्यावर माझे मत झाले, की वस्तू मात्र दोन आहेत. हे मुलांना समजावायला आपल्या नांदेड-लातूरचीच जनावरे पुरेशी आहेत.

कंधारची लाल कंधारी आणि उदगीर-देवणीकडची देवणी घ्या. या गुरांच्या शिंगात हाडाचा गाभा असतो. तो कवटीचाच भाग. त्यावर केराटिनची खोळ असते. आपली नखेही केराटिनचीच. हे शिंग बुडाकडून वाढत राहते, गळत नाही. म्हैस, शेळी आणि शिवारात दिसणारा काळवीट यांचेही तसेच. काळविटाला आपण हरीण म्हणतो, पण तो गाय-शेळीच्या कुळातला.

किनवटकडच्या पैनगंगेच्या जंगलातले चितळ, सांबर हे वेगळ्या कुळातले. त्यांचे फाटे फुटलेले शिंग म्हणजे निव्वळ हाड. वाढताना त्यावर रक्तवाहिन्यांनी भरलेली मखमली कातडी असते. वाढ पुरी झाली की ती वाळते आणि नर ती झाडाला घासून काढतो. पुढे शिंगच गळते, मग नवे उगवते. चितळ-सांबराच्या माद्यांना शिंगे नसतात; त्याच कुळातल्या, बर्फाळ प्रदेशातल्या रेनडिअरच्या मादीला मात्र असतात.

हा फरक केवळ पुस्तकी नाही. सांबराला नवे शिंग येते, बैलाचा मोडलेला गाभा परत येत नाही. शिवाय मोठ्या बैलाच्या शिंगातली पोकळी कपाळातल्या पोकळीला जोडलेली असते. त्यामुळे शिंग मोडले की रक्त वाहते, माश्या बसून अळ्या पडतात, पू आत उतरू शकतो. अशा वेळी हळद भरून गप्प न बसता जनावरांच्या डॉक्टरांना बोलवावे.

पोळ्याला आपण शिंगे साळतो, रंगवतो, शेंब्या बसवतो. वरची खोळ हलकी घासणे म्हणजे नखे कापण्यासारखेच; खोल साळले तर मात्र जिवंत भागाला इजा होते. आपल्या देशी बैलांत शिंगाचा कर्करोग आढळतो, आणि शिंगाला वारंवार होणारी इजा हे त्याचे एक कारण मानले जाते. शिंग वाकडे होऊ लागले, बैल सारखे डोके झटकू लागला किंवा एका नाकपुडीतून रक्त आले, तर दुर्लक्ष करू नये.

मुलांना एवढे जरी सांगितले, तरी पुढच्या पोळ्याला साळणाऱ्याचा हात हलका पडेल.